शब्दांच्या जाती आठच का?

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने इंग्रजी व्याकरणाच्या वाटेला कशाला जावं? पण आम्ही मुद्दाम हा विषय निवडला. नाउन, व्हर्ब, केस, मेटाफर, आयरनी हे शब्द इंग्रजीचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी पाठ करतो. व्याख्या पाठ, उदाहरणं पाठ, परीक्षेत मार्क, आणि मग विसर. यातले कितीतरी शब्द मुळात तत्त्वज्ञांनी घडवले, आणि तेही इंग्रजीसाठी नव्हे, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा शब्द जन्मला ते माहीत नसेल, तर व्याख्या कितीही घोका, ती परकीच राहते. आज आपण तो प्रश्न शोधायला निघू या. वाटाड्या म्हणून एक आकडा सोबत घेऊ: आठ.

मराठी शाळेत आपण काय शिकलो? नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण अव्यय, शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय, केवलप्रयोगी अव्यय. झाले आठ. मग पाचवी-सहावीत इंग्रजीचे सर आले आणि म्हणाले, पार्ट्स ऑफ स्पीच आठ. नाउन, प्रोनाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. पुन्हा आठ! दोन भाषा, दोन वेगळे संसार, आणि जाती नेमक्या तेवढ्याच, त्याही जोडीजोडीने जुळणाऱ्या. हा योगायोग असेल का? नाही. आणि निसर्गाने माणसाची भाषा आठ कप्प्यांत वाटून दिली आहे, असंही नाही. यामागे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात अथेन्सपासून करू. इ. स. पूर्व चौथं शतक. प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात एक अडचण उभी राहते. खोटं बोलणं शक्य तरी कसं होतं? जे नाहीच, ते बोलायचं कसं? प्लेटोचं उत्तर असं, की सुटा शब्द खराही नसतो आणि खोटाही नसतो. नुसतं 'सिंह, हरीण, घोडा' म्हणा, किंवा नुसतं 'चालतो, धावतो, झोपतो' म्हणा, त्यातून काहीच विधान होत नाही. कशाविषयी बोलतोय ते सांगणारा एक शब्द आणि त्याविषयी काय म्हणतोय ते सांगणारा दुसरा शब्द, हे दोन गुंफले की मगच विधान होतं, आणि मगच ते खरं की खोटं हे विचारता येतं. पहिल्याला त्याने म्हटलं ओनोमा, दुसऱ्याला ऱ्हेमा. आपले नाम आणि क्रियापद इथून निघाले. म्हणजे बघा, नाउन-व्हर्ब ही जोडी व्याकरणाच्या तासाला जन्मलेली नाही. सत्य आणि असत्य यांचा निवाडा कसा करायचा, या भांडणात ती जन्मली.

अ‍ॅरिस्टॉटलने पुढचं पाऊल टाकलं. क्रियापदात काळ असतो, नामात नसतो, हा भेद त्याने सांगितला. 'आरोग्य' हे नाम आणि 'बरा आहे' हे क्रियापद. दुसऱ्यात 'आत्ता' दडलेलं आहे. इंग्रजी विद्यार्थ्याला टेन्स हा शब्द ताणतणावाशी जोडावासा वाटतो. पण व्याकरणातला टेन्स लॅटिनमधल्या काळवाचक शब्दावरून फ्रेंचमार्गे आला आहे. टेन्स म्हणजे सरळ 'काळ'. आपला मराठी शब्द जास्त प्रामाणिक आहे.

त्यानंतर आले स्टोइक तत्त्वज्ञ. त्यांनी विभक्तीचा विचार नीट लावला. ग्रीकमध्ये विभक्तीला शब्द होता प्टोसिस, म्हणजे 'पडणं'. लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं कासुस, तेही पडणंच, आणि त्यावरून इंग्रजी केस. कल्पना अशी, की नामाचं मूळ रूप ताठ उभं आहे आणि बाकीची रूपं त्यापासून कलंडलेली आहेत. म्हणूनच त्या रूपांना ऑब्लिक, म्हणजे तिरकी, म्हणतात. आपल्याकडे 'घोडा' ताठ उभा. 'घोड्याला', 'घोड्याने' म्हणताना 'घोड्या' असा वाकतो. या वाकलेल्या रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो, आणि मराठीविषयी इंग्रजीत लिहिणारे अभ्यासक आजही त्याला ऑब्लिकच म्हणतात. गंमत पुढे आहे. कर्माच्या विभक्तीला ग्रीक नाव होतं, त्याचा अर्थ 'जे घडवलं जातं त्याची विभक्ती' असा असावा, असं अभ्यासक मानतात. पण त्या ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ आरोपाशी जोडलेला होता. रोमनांनी तोच पकडला आणि नाव ठेवलं अ‍ॅक्युझेटिव्ह, म्हणजे 'आरोप करणारी'! दोन हजार वर्षं विद्यार्थी विचारत आले आहेत, की या विभक्तीने कोणावर काय आरोप केला? आरोप कोणावरच नाही. ही भाषांतरातली गफलत आहे.

आता अलेक्झांड्रियाला जाऊ. इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या या ग्रीक शहरातलं ग्रंथालय जगप्रसिद्ध. तिथल्या पंडितांपुढे काम होतं होमरची काव्यं वाचण्याचं. होमरला होऊन कित्येक शतकं लोटली होती, त्याची भाषा लोकांना कळेनाशी झाली होती. या परंपरेत तयार झालेला पंडित म्हणजे डायोनिशियस थ्रॅक्स. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला. त्याच्या नावावर एक छोटं पुस्तक चालत आलं आहे, त्यातला काही भाग नंतरचा असावा असंही विद्वान म्हणतात. त्या पुस्तकात शब्दांच्या जाती आठ दिल्या आहेत: नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद, सर्वनाम, प्रिपोझिशन, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी. हा आपला आकडा. पण नीट पाहा, ही आपली आठाची यादी नव्हे. हिच्यात विशेषण वेगळं नाही, ते नामातच धरलं आहे. केवलप्रयोगीही नाही.

याच पुस्तकाची सुरुवात आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कवी आणि गद्यलेखक साधारणपणे जी भाषा वापरतात तिची जाण म्हणजे व्याकरण, असं तिथे म्हटलं आहे. मग व्याकरणाचे सहा भाग येतात. स्वच्छ वाचन, कवींच्या लकबींचा उलगडा, अवघड शब्दांचा अर्थ, व्युत्पत्ती, रूपांची संगती, आणि शेवटी, सगळ्यांत श्रेष्ठ म्हणून, काव्याची पारख. आज आपल्या विद्यापीठांत ग्रामरचा पेपर वेगळा, लिटररी टर्म्सचा वेगळा. ज्यांनी व्याकरण घडवलं त्यांच्या लेखी मात्र हे एकच काम होतं. क्रियापद ओळखायचं ते कविता कळावी म्हणून.

तेव्हा वाङ्मयीन संज्ञांपैकी एक घेऊ: मेटाफर. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'इकडून तिकडे वाहून नेणं'. ग्रीसमध्ये घरसामान हलवणाऱ्या गाड्यांवर आजही याच कुळातला शब्द रंगवलेला असतो. अ‍ॅरिस्टॉटल 'पोएटिक्स'मध्ये म्हणतो, एका वस्तूचं नाव दुसऱ्या वस्तूला देणं म्हणजे मेटाफर. याचे तो चार प्रकार करतो. एक प्रमाणाचा: दिवसाला जशी संध्याकाळ तसं आयुष्याला म्हातारपण, म्हणून म्हातारपण ही आयुष्याची संध्याकाळ. आपल्याकडे सत्कारसमारंभात ही संध्याकाळ इतक्या वेळा येते, की ती आपल्या घरचीच वाटते. पण अ‍ॅरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी हेच उदाहरण घेतलं होतं. दुसरा प्रकार वेगळाच आहे. बंदरात नांगर टाकलेल्या जहाजाला 'उभं' म्हणणं, हाही त्याच्या मते मेटाफर. आपण 'गाडी बाहेर उभी आहे' म्हणतो, तसंच हे.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या वहीत काय असतं? मेटाफर म्हणजे रूपक, सिमिली म्हणजे उपमा. अर्धं बरोबर आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात जे चारच अलंकार सांगितले आहेत त्यांत उपमा आणि रूपक दोन्ही आहेत, आणि ते सिमिली-मेटाफरशी बऱ्यापैकी जुळतात. पण 'गाडी उभी आहे' हे आपल्या परंपरेत रूपक होणार नाही. तिथे लक्षणेचा विचार करावा लागेल. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलचा मेटाफर हा आपल्या रूपकापेक्षा मोठा तंबू आहे. दोन शब्दांमध्ये बरोबरीचं चिन्ह मारलं की परीक्षा सुटते, पण दोन्ही परंपरांनी काय पाहिलं होतं ते हातातून निसटतं.

पुन्हा आठाकडे. अलेक्झांड्रियाची यादी रोमला पोहोचली आणि पंचाईत झाली. ग्रीकमध्ये 'द'सारखं उपपद आहे, लॅटिनमध्ये नाही. एक जात गळाली, उरल्या सात. रोमन व्याकरणकारांनी काय केलं? 'अरेरे', 'अहाहा' अशा उद्गारांना क्रियाविशेषणातून बाहेर काढून स्वतंत्र जात दिली. पुन्हा आठ! आपला केवलप्रयोगी असा जन्माला आला. चौथ्या शतकात रोममध्ये दोनातुस नावाच्या शिक्षकाने या आठ जातींवर प्रश्नोत्तरांच्या रूपात छोटी पुस्तिका लिहिली. सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिस्कियनने अठरा भागांचा मोठा ग्रंथ लिहिला. युरोपातली मुलं पुढे सुमारे हजार वर्षं या दोघांच्या हाताखाली वाढली. त्या काळात 'ग्रामर' म्हणजे लॅटिनचंच व्याकरण. सामान्य माणसाला ते इतकं गूढ वाटे, की स्कॉटलंडमध्ये याच शब्दाचं एक अपभ्रष्ट रूप जादूटोण्यासाठी वापरात आलं. ते म्हणजे ग्लॅमर. सिनेनटीचं ग्लॅमर आणि शाळेतलं ग्रामर मुळात एकच शब्द आहेत!

मग इंग्रजीचं स्वतःचं व्याकरण कधी आलं? इ. स. १५८६ मध्ये. विल्यम बुलोकर याने ते लिहिलं. इंग्रजीलाही नियम आहेत हे त्याला दाखवायचं होतं, आणि साचा वापरला तो शाळांतून चालणाऱ्या लिलीच्या लॅटिन व्याकरणाचा. इंग्रजीच्या बहुतेक विभक्ती तोवर झडून गेल्या होत्या, तरी अंगावर कपडे लॅटिनचे. याविरुद्ध १६५३ मध्ये जॉन वॉलिसने तक्रार केली. हा मोठा गणिती. अनंताचं आडवं आठासारखं चिन्ह याचंच. इंग्रजीला लॅटिनच्या साच्यात कोंबू नका, असं त्याचं म्हणणं. मात्र हे म्हणणं त्याने मांडलं लॅटिनमध्ये!

कवी जॉन ड्रायडनची गोष्ट आणखी बोलकी आहे. आपलं इंग्रजी वाक्य शुद्ध आहे की नाही अशी शंका आली, की तो ते लॅटिनमध्ये करून बघत असे. हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. १६७२ मध्ये त्याने आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सनवर ठपका ठेवला, की हा वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवतो. लॅटिनमध्ये तसं होत नाही, आणि नावातच 'आधी ठेवलेला' असा अर्थ आहे. पण इंग्रजीत ते सहज होतं, आजही होतं. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथने गाजलेलं व्याकरण लिहिलं. पुढे तो लंडनचा बिशप झाला. त्याने सौम्यपणे सांगितलं, की बोलण्यात हे चालतं, गंभीर लेखनात टाळावं. आणि हे सांगताना त्याचं स्वतःचं वाक्य प्रिपोझिशनवरच संपलं! पुढच्या पंतोजींनी त्याची ही सौम्य सूचना उचलली आणि तिचा कायदा केला.

त्याच सुमारास, १७६१ मध्ये, जोसेफ प्रीस्टली यानेही व्याकरण लिहिलं. ज्या प्रीस्टलीने पुढे ऑक्सिजन वायू वेगळा काढला, तोच हा. त्याची भूमिका प्रयोगशाळेतल्या माणसाची: लोक जे बोलतात, ते प्रमाण. पण शाळांत रुजलं ते दुसरं वळण. १७९५ मध्ये लिंडली मरे या यॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकन वकिलाने तिथल्या मुलींच्या शाळेसाठी पुस्तक लिहिलं, आणि ते इंग्रजी जगात अफाट खपलं. दोन नकार मिळून होकार होतो, म्हणून दुहेरी नकार चूक, हेही अठराव्या शतकातल्या व्याकरणांनी पक्कं केलं. चॉसर आणि शेक्सपियर खुशाल दुहेरी नकार वापरत होते. आता तो अडाणीपणाची खूण झाला. तर्काच्या नावाने एक सामाजिक कुंपण उभं राहिलं. लाउथ आणि मरे यांनी उपपद धरून जाती नऊ मोजल्या होत्या. पुढे बऱ्याच शालेय पुस्तकांनी उपपद विशेषणात घातलं. धातुसाधित आधीच क्रियापदात गेलं होतं, विशेषण नामातून सुटं झालं होतं. यादी बदलत गेली, आकडा पुन्हा आठवर आला.

आणि मग हा आकडा आपल्याकडे आला. आपल्याकडे काय व्याकरण नव्हतं? यास्काने निरुक्तात पदांच्या चार जाती सांगितल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने तर दोनच पुरेशा मानल्या: सुबन्त आणि तिङन्त. दोन, चार, आठ, यांतली एक संख्या खरी आणि बाकीच्या खोट्या असं नाही. कशासाठी मोजतोय, त्यावर ते ठरतं.

मराठीचं एक छापील व्याकरण विल्यम कॅरीने १८०५ मध्ये सेरामपूरहून काढलं, इंग्रजीत, साहेबांना मराठी शिकता यावी म्हणून. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आलं. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. पण हे पाणिनी इंग्रजी शिकलेले होते, आणि त्यांच्यासमोर संस्कृत आणि इंग्रजी असे दोन्ही साचे होते. विभक्तीची नावं प्रथमा-द्वितीया अशी संस्कृतातून आली. जातींची शालेय मांडणी इंग्रजी घाटाची झाली. विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर कँडी यांना दिलं जातं. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं आणि या सगळ्या वारशाची कसून तपासणी केली. हे दामले म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. म्हणजे शाळेतलं मराठी पोर 'शब्दांच्या जाती आठ' म्हणतं, तेव्हा ते नकळत अलेक्झांड्रियाचा पाढा म्हणत असतं.

आता विद्यार्थी विचारतील, सर, हे ऐकून आमचा काय फायदा? फायदा आहे. तीन जागा दाखवतो.

पहिली, प्रिपोझिशन. 'ऑन द टेबल' आणि 'टेबलावर'. आपला 'वर' मागे येतो. म्हणून आपल्याकडच्या लोकांनी 'पूर्वयोगी' असं नाव न ठेवता 'शब्दयोगी' ठेवलं, शब्दाला जोडून येणारा. पुढे की मागे, हे नावात येऊच दिलं नाही. किती शहाणपणाचं भाषांतर!

दुसरी, व्हॉइस. 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग. विद्यार्थी 'ने' पाहतो, 'बाय' आठवतो आणि पॅसिव्ह लिहून मोकळा होतो. पण इंग्रजीत हे साधं अ‍ॅक्टिव्ह वाक्य आहे: 'राम एट द मँगो'. प्रयोग पाहतो क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं ते. 'आंबा खाल्ला', 'पोळी खाल्ली'. व्हॉइस पाहतो कर्त्याच्या जागी कोणाला बसवलं आहे ते. प्रश्नच दोन आहेत, मग उत्तर एक कसं येईल?

तिसरी, केस. 'ही' आणि 'हिम', 'हू' आणि 'हूम', हे इंग्रजी विभक्तीचे शिल्लक राहिलेले अवशेष. 'तो, त्याने' म्हणजे ही, आणि 'त्याला' म्हणजे हिम, असा ताळा बऱ्याचदा लागतो. पण 'त्याला ताप आहे' म्हटलं की इंग्रजीत 'ही' येतो. मराठीत ताप माणसाकडे येतो. इंग्रजीत माणूस ताप बाळगतो. इथे विद्यार्थी अडखळला तर तो मठ्ठ नाही. दोन भाषा जग वेगवेगळं मांडतात आणि तो नेमका त्या सांध्यावर उभा आहे.

मराठी माध्यमातून आलेली किती मुलं-मुली इंग्रजीच्या वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना वाटतं आपल्याला व्याकरण येत नाही. वास्तविक विभक्ती, प्रयोग, काळ, अर्थ हे सगळं त्यांनी एका भाषेत आधीच पचवलेलं असतं. फक्त ही शिदोरी इथे उघडायची आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. उलट ड्रायडनने लॅटिनपुढे मान घातली तशी त्यांना इंग्रजीपुढे घालायला लावतात. ड्रायडनला निदान ती खोड परवडणारी होती. या मुलांची त्यात वर्षं वाया जातात, काहींचं शिक्षणच सुटतं.

म्हणून एवढंच सुचवतो. यापुढे कुठलीही संज्ञा समोर आली, मग ती केस असो, क्लॉज असो की आयरनी असो, व्याख्येच्या आधी तीन गोष्टी विचारा. ही कोणत्या भाषेसाठी घडवली? कोणता प्रश्न सोडवायला घडवली? आणि माझ्या भाषेत तो प्रश्न कसा विचारतात? शिक्षकांनीही फळ्यावर व्याख्या लिहिण्याआधी पाच मिनिटं यावर खर्च करावी.

पुढच्या व्याख्यानात आपण पाणिनीचा कारकविचार घेऊ. 'त्याला ताप आहे' यातला 'त्याला' कोण, कर्ता की आणखी कोणी, हा प्रश्न तोवर घरी सोडवून बघा.